पीस कोअर

परदेशात स्वयंसेवक पाठवणारी अमेरिकी सरकारची संस्था. १४ ऑक्टोबर १९६० रोजी मध्यरात्रीनंतर दोनच्या सुमारास मिशिगन विद्यापीठाच्या पायऱ्यांवरून जॉन केनेडींनी ताटकळलेल्या विद्यार्थ्यांना विचारले, घानामध्ये जाऊन काम करायची तुमच्यापैकी किती जणांची तयारी आहे? निवडून आल्यावर १ मार्च १९६१ रोजी त्यांनी संस्था स्थापन केली आणि धुरा मेहुणे सार्जंट श्रायव्हर यांच्याकडे दिली. शीतयुद्धात नवस्वतंत्र देशांची मने जिंकणे हा हेतू त्यामागे होताच. पण अर्ज करणाऱ्या तरुणांची ओढ खरी होती. पहिली तुकडी ऑगस्ट १९६१ मध्ये घानाला पोहोचली.

यजमान देशाने बोलावल्यावरच स्वयंसेवक जातात. सुमारे तीन महिने भाषा व कामाचे प्रशिक्षण, मग दोन वर्षे स्थानिक लोकांत, त्यांच्यासारख्याच राहणीत मुक्काम. हे साधणे सोपे नव्हते. १९६१ मध्येच नायजेरियातील इबादान येथे एका स्वयंसेविकेने घरी लिहिलेले पोस्टकार्ड वाटेत पडले. त्यात तिथल्या राहणीचे मागासलेपण रंगवले होते. विद्यार्थ्यांना ते सापडले, त्याच्या प्रती वाटल्या गेल्या आणि निदर्शने झाली.

भारतात हा कार्यक्रम १९६१ ते १९७६ चालला. सुरुवात पंजाबातून झाली. कुक्कुटपालन, शेती, आरोग्य ही मुख्य कामे. भावी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या आई लिलियन कार्टर १९६६ मध्ये, वयाच्या ६८ व्या वर्षी, मुंबईतील विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीत आल्या. नेमणूक कुटुंबनियोजनाच्या प्रचारासाठी होती; पण पेशाने परिचारिका असलेल्या या बाईंचे मन रमले ते दवाखान्यात, रुग्णांची सेवा करण्यात. १९७१ च्या युद्धानंतर भारत-अमेरिका संबंध बिघडले आणि इथले काम आटोपत गेले.

नुकतीच पदवी घेतलेला, शेतीचा अनुभव नसलेला तरुण मुरलेल्या शेतकऱ्याला काय शिकवणार, हा आक्षेप रास्त आहे. बोलिव्हियाने तर १९७१ मध्ये, स्त्रियांच्या नसबंदीच्या आरोपांवरून, संस्थेला देशाबाहेर काढले. शाळांत शिकवण्याचे काम मात्र अनेक देशांत उपयोगी पडले, कारण तिथे शिक्षकच कमी होते. सर्वांत खोल परिणाम खुद्द अमेरिकेवर झाला असे म्हणावे लागते: परतलेल्यांपैकी अनेक जण राजनय, अध्यापन आणि दक्षिण आशियाच्या अभ्यासाकडे वळले.

१९६६ मध्ये स्वयंसेवकांची संख्या १५,००० वर गेली होती. तो आकडा पुन्हा गाठला गेला नाही. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे जगभरातील सर्व स्वयंसेवकांना माघारी बोलावण्यात आले. २०२२ पासून ते पुन्हा रुजू होऊ लागले.