वरून पडणारी फुलं आणि दोरीवरचा माणूस

डिसेंबर-जानेवारीत बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी शाळांची गॅदरिंग सुरू झाली की शिवराज्याभिषेकाचा प्रवेश कुठे ना कुठे असतोच. महाराज सिंहासनावर बसले, तुतारी वाजली, की वरून फुलं पडलीच पाहिजेत हा आग्रहही आलाच. हल्ली त्यात कागदी बर्फ, चमकी, फुगे आणि झटक्यात गळून पडणारा पडदा यांची भर पडली आहे. वरून काहीतरी पाडायची हौस आपल्याकडे जुनी आहे. ते पाडणारी व्यवस्था मात्र शाळेच्या रंगमंचापर्यंत कधी आलीच नाही.

नाटक या मुलखाला नवं नाही. विष्णुदास भावे यांनी 1843 मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ उभं केलं, त्यामागे कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींच्या खेळांची प्रेरणा होती. अण्णासाहेब किर्लोस्कर मूळचे बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. केशवराव भोसले यांची ‘ललितकलादर्श’ ही नाटक कंपनी 1908 मध्ये हुबळीत सुरू झाली. पौराणिक नाटक म्हटलं की देव, अप्सरा, आकाशवाणी आणि पुष्पवृष्टी ओघानंच येई. पारशी नाटक कंपन्यांनी त्याला यंत्रांची जोड दिली. पऱ्या तरंगत उतरू लागल्या, देखावे डोळ्यांदेखत बदलू लागले. घाटाखाली सिंधुदुर्गात ‘ट्रिकसीन’वाला, म्हणजे यंत्रांच्या करामती दाखवणारा, दशावतार आजही गर्दी खेचतो, तो याच हौसेचा वारस.

पण कंपनीत रंगवलेले पडदे दोऱ्यांवर गुंडाळून वर घेतले जात, आणि त्या दोऱ्या सांभाळायला ठरलेली माणसं असत. कुठली दोरी कशाची, हे त्यांना अंधारातही कळे. जपानच्या काबुकीतही हेच दिसतं. तिथे बर्फासाठी बांबूच्या टोपल्या वर टांगतात, त्यात कागदाचे कपटे भरतात आणि दोरी हलवली की कपटे भुरभुरतात. पाश्चात्त्य नाट्यगृहांत रंगमंचाच्या वर, दर्शनी कमानीच्या उंचीच्या अडीचपट तरी, पोकळी ठेवायचा प्रघात पडला. तिथे ‘स्नो बॅग’ रूढ झाली: लांब कापड दोन पाइपांमध्ये झोळीसारखं टांगायचं, त्याच्या एका बाजूला भोकं पाडायची, एक पाइप पक्का आणि दुसरा दोरीनं वरखाली, की भोकांतून कपटे गळतात.

या झोळीचा एक धोका बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. प्रयोग झाला की रंगमंचावरचे कपटे झाडून पुन्हा झोळीत भरतात. त्या झाडलोटीत खिळे, स्क्रू, टाचण्या, तुटलेल्या बांगड्यांचे तुकडे असतात. दुसऱ्या दिवशी ‘बर्फा’बरोबर तेही खाली. पंधरा फुटांवरून सुटलेला स्क्रू सेकंदाच्या आत डोक्यावर येतो, तोही ताशी 34 किलोमीटरच्या आसपास वेगानं. मान वर करून बघणाऱ्या पोराच्या डोळ्याचं काय होईल ते वेगळं सांगायला नको. म्हणून एकदा पडलेला कागद कचऱ्यातच टाकावा. वाचवायचाच तर आधी चाळून, वर लोहचुंबक फिरवून घ्यावा.

पडणारी वस्तू हलकी असली म्हणजे निर्धोक, असंही नाही. 1930च्या दशकात अमेरिकेत ॲस्बेस्टॉसचा चुरा शोभेचा बर्फ म्हणून विकला जाई, कारण तो जळत नसे! आपल्याकडच्या थर्माकोलच्या बारीक गोळ्या तर जळतातही आणि नाकातोंडातही जातात. चमकी डोळ्यांत जाते.

आगीचा इतिहास तर मन सुन्न करणारा आहे. 30 डिसेंबर 1903 रोजी शिकागोच्या इरोक्वॉ थिएटरात दुपारच्या खेळाला सुट्टीतली मुलं आणि त्यांच्या आया मोठ्या संख्येनं होत्या. दिव्याच्या ठिणगीनं पडद्याचं कापड पेटलं, आग वर टांगलेल्या देखाव्यांत शिरली, अग्निरोधक पडदा अर्ध्यावर अडकला. सहाशेहून अधिक माणसं गेली. 23 डिसेंबर 1995 रोजी हरियाणातल्या डबवालीत शाळेचाच वार्षिक कार्यक्रम होता. मंडप पेटला, जळतं छत खाली बसलेल्यांवर कोसळलं आणि चारशेहून अधिक जण दगावले. आपल्या शेजारी, कोल्हापुरात, 1915 मध्ये उभं राहिलेलं केशवराव भोसले नाट्यगृह 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री जळालं.

आपल्या शाळांचा रंगमंच म्हणजे बहुधा मैदानातला मंडप, नाहीतर पत्र्याखालचा हॉल. वर टांगायला हक्काची जागा नसते. मांडववाल्याचा आडवा पाइप कापडाचं वजन पेलायला बांधलेला असतो. त्यावर आयत्या वेळी फुलांचं पोतं चढतं, आणि ते सोडायला नववीतला एखादा चपळ मुलगा. माझ्या मते चूक इथेच आहे. मुलांनी वर चढायचंच नाही. जे वर जाईल ते मोठ्या माणसानं, रंगमंच रिकामा असताना बांधावं. मुख्य दोरीखेरीज दुसरी, वेगळ्या गाठीची दोरी पाइपाला असावी, म्हणजे पहिली सुटली तरी टोपली डोक्यावर येणार नाही. कागद हॅलोजनपासून लांब ठेवावा.

खरं तर सोपी युक्ती शाळेच्या अंगणातच आहे. 26 जानेवारीला घडी घातलेल्या तिरंग्यात पाकळ्या ठेवतात. दोरीला हिसका दिला की सरकगाठ सुटते आणि फुलं पडतात. राष्ट्रीय सणांना अशा पाकळ्या ठेवायला ध्वजसंहितेचीही हरकत नाही. तीच सरकगाठ साध्या पंच्याच्या गाठोड्याला मारली, आत देठ काढलेल्या झेंडूच्या मूठभर सुट्या पाकळ्या ठेवल्या, की राज्याभिषेकाचं काम भागतं. दोरी एकाच शिक्षकाच्या हाती द्यावी, आणि विंगेतून महाराजांचं डोकं दिसेल अशा जागी त्यांना उभं करावं. पुढचा कार्यक्रम लेझीमचा असेल तर झाडू मारायला दोन मिनिटं कार्यक्रमपत्रिकेतच धरावीत. पायाखाली चिरडलेल्या झेंडूवरून अनवाणी पाय हमखास घसरतो.