घोड्याचं लंगडणं आणि खुरदुखीचं निदान

लंगडणं हा आजार नाही, लक्षण आहे. कुठल्या तरी पायावर भार द्यायला घोडा कचरतोय एवढंच त्यातून कळतं, आणि घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते शोधून काढणं म्हणजे निदान. उभ्या घोड्याचं साधारण ६० टक्के वजन पुढच्या दोन पायांवर असतं, त्यामुळे लंगडणारा पाय बहुतेक वेळा पुढचा असतो आणि पुढचा असला की दुखणं बहुतेक वेळा खुरातच निघतं. मालक मात्र हमखास खांद्याकडे बोट दाखवतो, "खांदा धरलाय" म्हणतो आणि आठवडाभर खांद्याला तेल चोळत बसतो. खांद्याचं दुखणं असतं, नाही असं नाही, पण क्वचित.

हात लावायच्या आधी बघायचं. घोडा एक पुढचा पाय सारखा पुढे टाकून उभा राहतो का, वजन या पायावरून त्या पायावर सारखं बदलतो का, हे तबेल्यातच दिसतं. मग लगाम सैल सोडून सरळ रेषेत आधी चालवायचा आणि मग दुडकीवर न्यायचा. दुडकीवरच का, तर तिच्यात पाय तिरप्या जोडीने पडतात आणि दोन्ही ठोके सारखे यायला पाहिजेत, जरा फरक झाला तरी लगेच कळतो. दुखरा पुढचा पाय टेकला की डोकं वर जातं, चांगला टेकला की खाली येतं. नवीन माणूस हे हमखास उलटं धरतो आणि चांगल्याच पायाचा खूर तासून ठेवतो. मागच्या पायात दुखत असेल तर डोक्यापेक्षा पुठ्ठ्याकडे बघावं, दुखऱ्या बाजूचा पुठ्ठा जास्त वरखाली होतो. आणि कानही उघडे ठेवावेत, दुखरा पाय हळू टेकतो म्हणून त्या टापेचा आवाज दबका येतो. लंगडणं किती आहे ते लिहायला ० ते ५ ची अमेरिकन पट्टी बऱ्याच ठिकाणी वापरतात, ० म्हणजे काही नाही आणि ५ म्हणजे पाय जवळजवळ टेकतच नाही.

आता गोव्याचा प्रॉब्लेम. इथे घोडा दाखवायचा म्हटलं की लोक त्याला किनाऱ्यावर पळवून दाखवतात, आणि मऊ वाळूत खुराची दुखणी छान लपतात. तळव्याला जमिनीचा मार बसत नाही ना. तोच घोडा डांबरी रस्त्यावर किंवा जांभ्याच्या कडक अंगणात दुडकीवर आणला की खरं काय ते दिसतं (पावसात शेवाळ नाही ना ते आधी बघा, नाहीतर घोडा आणि मोतद्दार दोघंही आडवे). गोल फिरवलं तर आतल्या बाजूच्या खुराचं दुखणं बहुतेक वाढतं. शिरांचं, म्हणजे टेंडन-लिगामेंटचं दुखणं असेल तर बऱ्याचदा उलटं, ते मऊ जमिनीवर जास्त जाणवतं, म्हणून दोन्हीकडे चालवून बघावं.

मग हाताचं काम. चारही खूर हाताने चाचपून गरम कुठला ते बघायचं. खुराच्या वरच्या सांध्यामागे दोन्ही बाजूंना नाडी असते, ती एरवी जेमतेम लागते, खुरात सूज किंवा पू झाला की बोटाखाली टणटण उडते. त्यानंतर खूर साफ करून मोठ्या चिमट्याने, म्हणजे हूफ टेस्टरने, तळवा थोडा थोडा दाबत जायचं आणि पाय कुठे झटकतो ते बघायचं, आणि दुसऱ्या पायाशी ताडून बघायचं, कारण काही घोडे सगळीकडेच झटकतात.

काल बरा होता आणि आज पाय टेकवत नाही असं झालं की हाड मोडलं म्हणून सगळे घाबरतात, पण बऱ्याचदा खुरात पू धरलेला असतो, तो काळपट पू काढून दिला की घोडा बघता बघता पाय टेकायला लागतो. नाल ठोकल्यावर लगेच किंवा काही दिवसांनी लंगडायला लागला तर आधी खिळे तपासा, एखादा खिळा आतल्या जिवंत भागाजवळ गेलेला असतो. रस्त्यावरचा खिळा तळव्यात मधोमध घुसला असेल तर उपटू नका, तो आणखी आत जाणार नाही एवढी काळजी घेऊन एक्स-रे होईपर्यंत राहू द्या, नाहीतर तो कुठपर्यंत गेला होता ते कळत नाही. धनुर्वाताची लस मात्र लगेच, घोड्याला धनुर्वात फार पटकन होतो.

दोन्ही पुढचे पाय दुखत असतील तर डोकं हलतच नाही, नुसती पावलं आखूड होतात. घोडा मागे रेलून टाचांवर उभा असेल, वळायला तयार नसेल, तर लॅमिनायटिसची, म्हणजे खुराची भिंत आतल्या हाडाला धरून ठेवणारा थर सुजल्याची, शंका घ्यावी. दाण्याच्या पिंपात तोंड घातलेला घोडा, लठ्ठ पोनी, वार अडकलेली घोडी, हे त्याचे ठरलेले पेशंट. अशा घोड्याला दुडकीवर पळवून "बघू या" करायचं नाही.

गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिमी पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. त्या दिवसांत तबेला ओला राहिला की तळव्यातल्या रबरासारख्या त्रिकोणी भागाच्या खाचांत काळी घाण साचते आणि कुजका वास येतो. हा थ्रश. वरवरचा असला तर घोडा लंगडत नाही, खोल गेला की लंगडतो.

एवढं करूनही जागा सापडली नाही तर डॉक्टर खुराच्या मागच्या नसांजवळ भूल देतात आणि थोड्या वेळाने परत दुडकी बघतात. लंगडणं गेलं तर दुखणं त्या भूल दिलेल्या भागातच आहे, नाही गेलं तर वरची नस, मग तिच्या वरची. एक्स-रे त्यानंतर, कारण म्हाताऱ्या घोड्याच्या एक्स-रेत काही ना काही दिसतंच, पण ते दुखतंच असं नाही. डॉक्टर यायच्या आधी दुखण्याचं औषध देऊन ठेवणं म्हणजे पुरावा पुसणं.

गोव्यात घोडा तसा नवीन नाही. अरबस्तान-इराणातून जहाजाने आलेले घोडे इथल्या बंदरातून विजयनगर आणि विजापूरकडे जायचे, आणि १५१० नंतर पोर्तुगिजांनी याच व्यापारावर जकात लावून पैसा केला. आता शिगम्यातल्या घोडेमोडणीचे लाकडी घोडेच लोकांना जास्त माहीत, आणि त्यांना लंगडायचा प्रश्नच येत नाही.

जुना त्रास बघायचा असेल तर खुरावरच्या आडव्या कड्या बघाव्यात. खूर महिन्याला साधारण ६ ते १० मिमी वाढतो, पुढून पूर्ण बदलायला ९ ते १२ महिने लागतात, त्यामुळे गेल्या पावसातली कडी या पावसाच्या तोंडावर जवळजवळ जमिनीपर्यंत उतरलेली असते. या कड्या टाचेकडे रुंद होत गेल्या असतील तर त्या घोड्याला लॅमिनायटिस होऊन गेलेला असण्याची शक्यता मोठी.