पुढचा ठोका आधीच ठाऊक असतो

म्युझिक थेरपी म्हटलं की बहुतेकांना डोळे मिटून पडलेला माणूस आणि मागे मंद वाजणारी बासरी आठवते. त्यात समाजमाध्यमांवर फिरणारे तक्ते भर घालतात: अमुक आजारावर अमुक राग, अमुक वेळी, रोज अर्धा तास. मेंदूच्या आजारांवर काम करणाऱ्या थेरपिस्टचा दिवस या चित्रापासून फार लांबचा असतो. त्यांच्या हातात स्टॉपवॉच असतं, जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा असतात आणि समोरचा माणूस आडवा पडलेला नसतो, चालत असतो. या कामात सुरांपेक्षा लय जास्त उपयोगी पडते, आणि तिच्या उपयोगामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे.

एक साधा प्रयोग करून बघा. मोबाइलवर मेट्रोनोम लावा, सेकंदाला दोन ठोके, आणि बोटाने टेबलावर साथ द्या. एखादा अवचित आवाज ऐकून बोट हलवायला माणसाला साधारण 150 मिलिसेकंद किंवा त्याहून जास्त वेळ लागतो. मेंदू प्रत्येक ठोका ऐकून मग बोटाला हुकूम देत असता, तर आपण दर वेळी तेवढे मागे पडलो असतो. मोजल्यावर उलटंच दिसतं. बोट ठोक्याच्या काही मिलिसेकंद आधीच टेकतं. मेंदू ठोक्याला प्रतिसाद देत नसतो, त्याची वाट बघत असतो. दोन ठोक्यांमधलं अंतर त्याने एकदा पकडलं की पुढचा ठोका त्याला आधीच ठाऊक असतो.

यापुढची गोष्ट आणखी सुंदर आहे. 500 मिलिसेकंदांच्या अंतराने ठोके चालू असताना एखादा ठोका गुपचूप 10 मिलिसेकंद पुढे सरकवला, तर बहुतेकांना ते कळतही नाही. तरी त्यांचं बोट पुढच्या ठोक्याला स्वतःहून सावरून घेतं. म्हणजे इथे दोन वेगळ्या दुरुस्त्या चालतात. पहिली 'आपण ठोक्याच्या किती पुढे-मागे आहोत' याची. ती आपोआप होते, लक्ष दुसरीकडे असलं तरी होते, आणि 'सावरू नका' असं मुद्दाम सांगितलं तरी पुरती थांबत नाही. दुसरी दुरुस्ती 'ठोक्यांमधलं अंतरच बदललं आहे का' याची. तिच्यासाठी मात्र लक्ष द्यावं लागतं आणि तिला काही ठोके जातात. पहिली दुरुस्ती फुकटात मिळते, आणि उपचाराचा सगळा डोलारा या फुकटच्या दुरुस्तीवर उभा आहे.

आता पार्किन्सन्सकडे येऊ. या आजारात मेंदूच्या तळाशी असलेल्या बेसल गँग्लिया या केंद्रांना डोपामाइन हे संदेशवाहक रसायन कमी पडतं. चालण्यासारख्या सवयीच्या हालचालीत 'आता हे पाऊल, आता पुढचं' ही वेळ आतून पुरवण्यात या केंद्रांचा मोठा वाटा असतो. तो पुरवठा डळमळला की पावलं आखूड पडतात, असमान पडतात, आणि दारात किंवा वळणावर पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. स्नायूंत ताकद असते, पाऊल टाकायची इच्छाही असते. नसतो तो इशारा. बाहेरून नियमित ठोका मिळाला तर हालचालीला दुसरी वाट सापडते: कानाकडून लहान मेंदू आणि मेंदूच्या पृष्ठभागावरच्या हालचाल आखणाऱ्या भागांमार्गे. ही वाट या आजारात तुलनेने शाबूत राहते, असं आजचं प्रचलित स्पष्टीकरण आहे. शिवाय आवाजाचा संदेश मेंदूच्या देठातून थेट मज्जारज्जूपर्यंत पोचतो आणि तिथल्या स्नायू-चेतापेशींना किंचित 'सज्ज' करतो. हा परिणाम 1960 आणि 1970च्या दशकांत प्रयोगशाळेत मोजला गेला आहे.

बाहेरच्या ठोक्यावर चालवण्याच्या या पद्धतीला लयबद्ध श्रवण उद्दीपन म्हणतात. कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीत मायकेल थाउट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990च्या दशकात तिला शिस्त आणली. 1996 मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या पार्किन्सन्सवरच्या अभ्यासात रुग्णांनी तीन आठवडे घरी ठोक्याबरोबर चालण्याचा सराव केला. चालण्याचा वेग 25 टक्के, दुपावलांची लांबी 12 टक्के आणि पावलांची गती 10 टक्के वाढली. गट लहान होता, पण या आकड्यांनी अनेकांना कामाला लावलं.

प्रत्यक्षात काम कसं चालतं? आधी मोजणी. सरळ मार्गावर 14 मीटर आखून घेतात. पहिले आणि शेवटचे दोन मीटर वेग घ्यायला आणि थांबायला सोडायचे, मधल्या 10 मीटरचा वेळ आणि पावलं मोजायची. समजा 15 सेकंद आणि 24 पावलं लागली. म्हणजे मिनिटाला 96 पावलं, एक पाऊल जेमतेम 42 सेंटिमीटरचं, वेग सेकंदाला 0.67 मीटर. पार्किन्सन्सच्या रुग्णाची ही मोजणी दर वेळी औषधाच्या डोसनंतर तेवढ्याच वेळाने करायची. गोळीचा अंमल असताना एकदा आणि उतरल्यावर एकदा मोजलं, तर आपण संगीताचा परिणाम मोजतोय की गोळीचा, हे कळणारच नाही.

मग पहिला ठोका बरोबर 96चा. रुग्णाला त्याच्याच गतीत ठोका द्यायचा, काहीही सुधारायला जायचं नाही. नवखी माणसं इथेच चुकतात आणि थेट 110 लावतात. मेंदूने ठोका पकडण्याआधीच तो निसटून जातो आणि रुग्ण पावलं मोजत, घाबरत चालू लागतो. पाय ठोक्यात बसले की पाच टक्के वाढवायचे. 96वरून 101. ठोक्यांमधलं अंतर 625 मिलिसेकंदांवरून 594वर येतं, म्हणजे फरक फक्त 31 मिलिसेकंदांचा. तिथे चाल स्थिरावली की आणखी पाच टक्के.

आणि दर टप्प्यावर पुन्हा 10 मीटर मोजायचे. समजा ठोका 106 झाला, पाय ठोक्यात अचूक पडताहेत, बघणारे नातेवाईक खूश आहेत. पण 10 मीटरला आता 28 पावलं लागताहेत. हिशोब करा: 28 पावलं, मिनिटाला 106च्या गतीने, म्हणजे जवळपास 16 सेकंद. माणूस आधीपेक्षा हळू चालतोय! पाऊल 42 सेंटिमीटरवरून 36वर आलं आहे. अशा वेळी ठोका मागे घ्यायचा, जमिनीवर आडव्या पट्ट्या लावून लांब पाऊल टाकायला सांगायचं आणि मगच गतीकडे वळायचं. ज्यांचे पाय चिकटतात किंवा ज्यांची पावलं आपोआप आखूड आणि घाईची होत जातात, त्यांच्यासाठी तर अनेकदा मूळ गतीपेक्षा सुमारे 10 टक्के कमी ठोका बरा पडतो. वाढवत नेणं हा सरसकट नियम नाही, आणि हे न ओळखता केलेला उपचार माणसाला पाडू शकतो.

चाल बसली की थांबणं, सुरू करणं, वळणं, दारातून जाणं, पायरी चढणं हे सगळं ठोक्यावर करून घेतात. शेवटी ठोका काढून घेतात: अर्धा मिनिट चालू, अर्धा बंद, आणि बंद असताना रुग्णाने तीच लय मनात धरून चालायचं. सुरुवातीला हेडफोन नकोच. मागून येणाऱ्या माणसाची चाहूल लागली पाहिजे, आणि थेरपिस्ट किंवा फिजिओथेरपिस्ट कमकुवत बाजूला, अर्धं पाऊल मागे हवा. पुढे ब्लूटूथ वापरलं तर त्यातला ठरावीक विलंब त्रास देत नाही, कारण सगळेच ठोके तेवढेच उशिरा येतात. त्रास होतो तो आवाज मध्येच तुटण्याचा.

ठोक्याऐवजी गाणं वापरता येतं, आणि कंटाळा टाळायला ते वापरावंही. पण त्याचा ठेका ठळक हवा आणि गती शेवटपर्यंत एकच. दोन किंवा चार मात्रांचे गट चालण्याला सोयीचे. दादऱ्यासारखे तीन-तीनचे गट असले की जोर एकदा डाव्या आणि एकदा उजव्या पायावर येतो. निरोगी माणसाला त्यात मौज वाटते, एक बाजू कमकुवत असलेल्याचा त्यात गोंधळ होतो. संगणकावर गाण्याची गती स्वर न बदलता पाच-दहा टक्के सहज बदलता येते. स्वर 440 हर्ट्झला लावलाय की 432ला, याने पाय जास्त चांगले पडत नाहीत. 432 हर्ट्झला लावलेलं संगीत जास्त गुणकारी असतं, असे दावे करणाऱ्यांनी 10 मीटरची मोजणी करून दाखवावी.

परिणाम टिकतात का? इथे प्रामाणिक राहावं लागतं. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या रेस्क्यू चाचणीत पार्किन्सन्सच्या 153 रुग्णांना तीन आठवडे घरी बाह्य इशाऱ्यांचं प्रशिक्षण दिलं होतं. चाल सुधारली, पण प्रशिक्षण थांबल्यावर सहा आठवड्यांनी तपासलं तेव्हा बराचसा फायदा ओसरला होता. हा चष्म्यासारखा उपाय आहे. वापरत राहिलं तर उपयोग, काढून ठेवला की पुन्हा धूसर. पक्षाघातासारख्या मेंदूच्या इजांबाबत 2017च्या कॉक्रेन आढाव्याने 29 चाचण्या आणि 775 रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली. चालण्यासाठी लय उपयोगी दिसली, मात्र अनेक चाचण्यांचा दर्जा बेताचा होता.

बोलण्याच्या बाबतीतही गाडी फिरून लयीवरच येते. मेंदूच्या डाव्या बाजूला पक्षाघात झालेला माणूस सगळं समजतो, पण 'पाणी' म्हणू शकत नाही, आणि तोच माणूस जुनं गाणं शब्दांसकट म्हणतो. हे बघून घरच्यांना वाटतं, गाणी म्हणवून घेतली की वाचा परत येईल. तसं होत नाही. पाठ गाणं साठवणीतून अख्खं बाहेर येतं, त्यातला एक शब्द सुटा काढून वापरता येत नाही. म्हणून 1973 मध्ये बोस्टनमध्ये मांडलेल्या सुरेल उच्चार पद्धतीत गाणी नसतातच. 'पाणी हवं' सारखं रोजच्या गरजेचं छोटं वाक्य घेतात, दोनच स्वरांवर बसवतात, सेकंदाला साधारण एक अक्षर, आणि प्रत्येक अक्षराला रुग्णाचा डावा हात टेबलावर टेकवतात. आधी गुणगुणणं, मग बरोबरीने म्हणणं, मग थेरपिस्ट मध्येच गप्प होतो, आणि शेवटी साधा प्रश्न विचारून त्याचं उत्तर म्हणून तेच वाक्य. बोललेलंच समजत नाही अशा वाचाघातात ही पद्धत चालत नाही. सूर महत्त्वाचे की लय, हा वाद बरीच वर्षं चालू आहे. 2011 मध्ये लायप्झिगच्या संशोधकांनी 17 रुग्णांवर दोन्ही वेगळे करून पाहिले, तेव्हा नुसत्या सुरांचा फायदा दिसला नाही, लयीचा दिसला. आणि ज्यांच्या बेसल गँग्लियाला जास्त इजा होती, तेच रुग्ण लयीवर जास्त अवलंबून होते.

विशेष गरजा असलेल्या मुलांबरोबरचं काम वेगळं असतं. तिथे मूल जे करेल त्याला थेरपिस्ट वाद्यावर तिथल्या तिथे उत्तर देतो. पॉल नॉर्डॉफ आणि क्लाइव्ह रॉबिन्स यांनी ही रीत 1959 पासून घडवली. स्वमग्नतेची लक्षणं यामुळे कमी होतात असा प्रचार ऐकलात तर एक चाचणी लक्षात ठेवा: 2017 मध्ये नऊ देशांतल्या 364 मुलांवरची, जिच्यात पाच महिन्यांनंतर लक्षणांच्या तीव्रतेत फरक आढळला नाही. एखाद्या मुलाला समोरच्याशी देवाणघेवाण करायला यातून वाट मिळू शकते, पण स्वमग्नता 'बरी' करण्याची भाषा खोटी आहे. आवाज सहन न होणाऱ्या मुलासाठी एकच वाद्य, हलका आवाज. संगीताने आकडी येण्याचा इतिहास आहे का, हे आधी विचारायचं. असे रुग्ण विरळ असतात, पण असतात.

रेट सिंड्रोम, म्हणजे बहुतेक मुलींमध्ये दिसणारा मेंदूच्या वाढीचा एक दुर्मिळ जनुकीय आजार, असलेल्या मुलीचं उदाहरण घ्या. तिला ढोलावर हात टाकायचा असतो, पण इच्छा आणि हालचाल यांत कित्येक सेकंद जातात. मोठी माणसं तेवढी थांबत नाहीत. तिचा हात धरून वाजवतात आणि निघालेला हात तिथेच विरतो. थेरपिस्ट ओळ वाजवतो, शेवटचा ठोका सोडतो, हात मांडीवर ठेवतो आणि मनात दहा मोजतो. तिलाही पुढचा ठोका ठाऊक असतो. सात, आठ. हात ढोलाकडे निघालेला असतो.