गप्पांच्या वेगाने एकवीस किलोमीटर

साठीच्या आसपास धावायला लागलेल्या माणसाच्या मनगटावरचे घड्याळ त्याला हृदयगतीची जी कमाल मर्यादा दाखवते, ती बहुतेक वेळा ‘२२० वजा वय’ या जुन्या हिशेबातून आलेली असते. या हिशेबाने ६५ वर्षांच्या व्यक्तीचे हृदय मिनिटाला जास्तीत जास्त १५५ ठोके देईल. २००१ मध्ये हिरोफुमी तनाका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक अभ्यासांतील आकडेवारी एकत्र करून ‘२०८ उणे वयाची ०.७ पट’ असे सुधारित सूत्र मांडले, आणि त्यानुसार तीच मर्यादा १६२ च्या पुढे जाते. दोन्ही सूत्रे सरासरी सांगतात. प्रत्यक्षात एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांत वीस ठोक्यांचा फरक सहज आढळतो. शिवाय रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गटातील गोळी चालू असेल, तर हृदयगती मुळातच दाबलेली राहते आणि घड्याळातील हृदयगतीच्या रंगीत पट्ट्यांना काही अर्थ उरत नाही. अशा वेळी शेजारी धावणाऱ्या मित्राशी चाललेले बोलणे हे त्या घड्याळापेक्षा अधिक भरवशाचे मोजमाप ठरते, आणि त्यामागे पक्के शरीरशास्त्र आहे.

संथ वेगाने धावताना स्नायूंना लागणारी ऊर्जा मुख्यतः ऑक्सिजनच्या साहाय्याने तयार होते. वेग एका मर्यादेपलीकडे गेला की लॅक्टेट आणि त्यासोबत आम्लता वाढू लागते. रक्तातील बायकार्बोनेट ही आम्लता शमवते, परंतु त्या क्रियेत जादा कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो आणि तो बाहेर टाकण्यासाठी श्वास अचानक जलद होतो. बोलण्यासाठी मात्र श्वास सावकाश आणि लांबवर सोडावा लागतो. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी जमत नाहीत, म्हणून वाक्य मध्येच तुटते. प्रयोगशाळेत ही बोलण्याची चाचणी घेताना धावणाऱ्याकडून एखादा ठरावीक उतारा म्हणवून घेतात आणि ‘आरामात बोलता येते आहे का’ एवढेच विचारतात. आपल्याकडे त्यासाठी शाळेत रोज म्हटलेली प्रतिज्ञा पुरेशी आहे. ती सलग आणि सहज म्हणता आली, तर वेग त्या मर्यादेच्या खाली आहे. दर तीन-चार शब्दांनी श्वास घ्यावा लागला, तर मर्यादा ओलांडली गेली आहे. जो नेहमी मुलाच्या बदलीपासून कांद्याच्या भावापर्यंत सगळ्यावर बोलतो, त्याने नाशिकच्या सोमेश्वर मंदिराच्या पुढे नुसते ‘हं, हं’ करायला सुरुवात केली, तर ‘काका, आज गप्प का?’ असे विचारून सगळ्यांनी मिळून वेग उतरवावा.

हा वेग वयानुसार का घटतो, हे समजून घेण्यासारखे आहे. शरीराची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता तिशीनंतर बैठे जीवन जगणाऱ्यांत दर दशकाला सुमारे दहा टक्क्यांनी कमी होते. नियमित आणि जोमदार व्यायाम चालू ठेवणाऱ्यांत ही घट बरीच मंदावते. कॅनडाचे एड व्हिटलॉक यांनी २००४ मध्ये, वयाच्या ७३ व्या वर्षी, पूर्ण मॅरेथॉन २ तास ५४ मिनिटे ४८ सेकंदांत धावून दाखवली. असे शरीर लाखात एखाद्याचे असते हे खरे, तरी ही घट निव्वळ वयाच्या खात्यावर मांडता येत नाही, याचा तो पुरावा आहे. दुसरा बदल पायात होतो. वाढत्या वयात जलद आकुंचन पावणारे स्नायूतंतू आधी कमी होतात, पोटरीचा जोर घटतो आणि म्हणून पाऊल आखूड पडू लागते. पोटरी आणि टाचेमागची कंडरा ही ज्येष्ठ धावपटूंची नेहमीची दुखरी जागा आहे. पायरीच्या कडेवर उभे राहून टाच सावकाश खाली नेण्याचा व्यायाम अनेकांना कंटाळवाणा वाटतो, पण माझ्या मते आठवड्यातील एक धाव वगळून तो केला तरी फायदाच होईल. गुडघ्यांची भीती मात्र बरीचशी निराधार आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात गुडघा किंवा खुब्याच्या संधिवाताचे प्रमाण हौशी धावपटूंत ३.५ टक्के, बैठ्या लोकांत १०.२ टक्के आणि स्पर्धात्मक धावपटूंत १३.३ टक्के आढळले. ज्यांचे गुडघे चांगले असतात तेच धावत राहतात, हा आक्षेप येथे घेता येतो. तरीही ‘धावल्याने गुडघे झिजतात’ हे सरसकट विधान या आकड्यांपुढे टिकत नाही.

मित्रांसोबत धावण्यात एक सापळाही आहे. किलोमीटरला आठ मिनिटे या वेगाने धावण्यासाठी दर मिनिटाला शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे साधारण २८ ते २९ मिलिलिटर ऑक्सिजन लागतो. ज्याची कमाल क्षमता ४५ आहे, त्या पंचेचाळिशीतल्या मित्रासाठी हे जेमतेम ६३ टक्के काम झाले आणि त्याच्या गप्पा चालू राहतात. ज्याची क्षमता ३४ आहे, त्या साठीच्या गृहस्थासाठी तेच काम ८४ टक्के होते. दोघे खांद्याला खांदा लावून धावत असले, तरी एकाचा तो फेरफटका असतो आणि दुसऱ्याची शर्यत. म्हणून गटाचा वेग सर्वांत धिम्या सदस्याच्या बोलण्यावर ठरावा, आणि प्रश्नही त्यालाच विचारावेत, म्हणजे उत्तर देताना त्याची धाप सर्वांना ऐकू येते. किलोमीटरला आठ मिनिटांच्या वेगाने अर्धमॅरेथॉनचे २१.०९७५ किलोमीटर पूर्ण व्हायला सुमारे २ तास ४९ मिनिटे लागतात, आणि त्यात कमीपणा वाटण्यासारखे काही नाही.

गंगापूर रोडवर चक्क ‘मॅरेथॉन चौक’ असलेल्या नाशिकमध्ये शर्यतींचा हंगाम थंडीचा असतो आणि जानेवारीच्या पहाटे पारा दहा अंशांच्या खाली जाणे नवलाचे नाही. गारठ्यात त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो आणि हृदयाला अधिक जोर लावावा लागतो. त्यामुळे पहिली दहा-पंधरा मिनिटे चालण्यात आणि अगदी हळू धावण्यात घालवणे आवश्यक आहे. मॅरेथॉन चौकाकडून गंगापूर धरणाच्या दिशेने जाताना आपण गोदावरीच्या प्रवाहाच्या उलट, म्हणजे एकंदरीत चढाकडे जात असतो. परतीच्या उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराला आवर घालतात आणि दोन दिवसांनी जिना उतरताना जाणवणारी दुखापत तिथेच होते. उतार मिळाला म्हणून सुटू नये.

हृदयाविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. २०१२ मध्ये अमेरिकेतील सुमारे १ कोटी ९ लाख धावपटूंच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांत शर्यतीदरम्यान किंवा ती संपल्यावर लगेच हृदय बंद पडण्याच्या ५९ घटना आढळल्या. अर्धमॅरेथॉनमध्ये हे प्रमाण लाखामागे ०.२७, तर पूर्ण मॅरेथॉनमध्ये १.०१ होते. धोका अल्प आहे, परंतु यातील बऱ्याच घटना शेवटच्या टप्प्यात, अंतिम रेषा जवळ आल्यावर घडल्या. जे वाचले, त्यांच्या वाचण्यामागे आजूबाजूच्यांनी तत्काळ सुरू केलेल्या सीपीआरचा वाटा मोठा होता. छातीवर मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब देण्याचे हे कौशल्य एका दुपारी शिकता येते, आणि एकत्र धावणाऱ्या प्रत्येक गटाने ते नवीन बुटांच्या आधी मिळवावे. धावताना छातीत जडपणा आला, नेहमीपेक्षा वेगळी धाप लागली किंवा चक्कर आली, तर ‘एवढेच अंतर राहिले आहे’ हा विचार बाजूला ठेवून थांबलेच पाहिजे. साठीनंतर सराव सुरू करणाऱ्याने आधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी, हे ओघाने आलेच.

खाण्यापिण्यात दोनच गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. वयानुसार तहानेची जाणीव बोथट होते, म्हणून पाणी अगदी विसरू नये. मात्र शर्यतीतील पाण्याच्या प्रत्येक टेबलावर पोटभर पिण्यानेही रक्तातील सोडियम धोकादायकरीत्या घटू शकते. दीड तासांहून अधिक धावणाऱ्याला तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके लागतात, आणि खिशातील मूठभर मनुके त्यातील चांगला हिस्सा भागवतात. वेदनाशामक गोळी घेऊन धावण्याची काहींना सवय असते, ती मोडावी; शरीरातले पाणी कमी झालेले असताना अशा गोळ्या मूत्रपिंडांना इजा करू शकतात.

सोबतीने कष्ट हलके होतात, हा अनुभव मोजलाही गेला आहे. ऑक्सफर्डच्या नौकानयनपटूंनी तेवढेच श्रम एकत्र केले, तेव्हा एकट्याने केलेल्या सरावापेक्षा त्यांची वेदना सोसण्याची मर्यादा अधिक वाढली. संशोधकांनी याचा संबंध मेंदूतील एंडॉर्फिनशी जोडला. प्रयोग बारा जणांवरचा आणि तरुणांवरचा होता, त्यामुळे त्यावर फार मोठा इमला उभारू नये.

अंतिम रेषा ओलांडल्यावर छायाचित्रासाठी जागीच उभे राहण्याची घाई सगळ्यांना असते. धावताना पोटऱ्यांचे आकुंचन पायातील रक्त वर ढकलत असते. थांबताच हा आधार जातो, रक्त पायात साचते, रक्तदाब कोसळतो आणि ज्येष्ठांना, विशेषतः रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना, भोवळ येते. त्यामुळे पदकाच्या रांगेत लागण्याआधी दहा मिनिटे सर्वांनी मिळून रमतगमत चालावे, आणि स्वेटर घालावा तो चालता चालताच.