कव्वाली आणि सूफी पॉप: नुसतं ‘मौला’ म्हटल्याने कव्वाली होत नाही

उरुसातली कव्वाली असो की गाडीत लावलेला एखाद्या पॉप गायिकेचा सूफी अल्बम, दोन्हीकडे मौला, इश्क, फकिरी हेच शब्द कानावर पडतात. मग सगळंच ‘सूफी गाणं’ होऊन जातं. नुसतं ऐकणाऱ्याचं त्यात काही बिघडत नाही. पण रत्नागिरी-कणकवलीकडे छोट्याशा स्टुडिओत असं गाणं करायला बसणाऱ्याचं बिघडतं, कारण दोन्हींची बांधणी वेगळी आहे.

डबलबारी, म्हणजे दोन भजनी बुवांचा सामना, ऐकून वाढलेल्या कानाला कव्वाली समजायला वेळ लागत नाही. बुवा ओळ टाकतात, कोरस ती झेलतो, बुवा तीच ओळ वेगळ्या अंगाने पुन्हा मांडतात आणि गजराला लय चढते. कव्वालीतही असंच चालतं. पुढे मुख्य गायक आणि पेटी, मागे साथीचे आवाज आणि टाळ्या, तालाला ढोलक किंवा तबला. ताल बहुतेक वेळा आठ मात्रांचा केहरवा, नाहीतर सहा मात्रांचा दादरा. परंपरेने आधी हम्द म्हणजे ईश्वराची स्तुती, मग नात म्हणजे पैगंबरांची, मग मनकबत म्हणजे वलींची, सूफी संतांची. अमीर खुस्रोंचं (१२५३–१३२५) नाव या परंपरेत सगळ्यात आधी घेतात.

कव्वालीचा खरा जीव गिरहमध्ये. चालू कलाम (गायली जाणारी रचना) थांबवून गायक दुसऱ्याच कवीचा शेर जोडतो आणि फिरून अचूक त्याच ओळीवर येतो. समोर कुणी डोलायला लागला तर ती ओळ दहा वेळा होते, नाही लागला तर पुढे सरकते. म्हणून तोच कलाम एका रात्री पंधरा मिनिटांत आटपतो आणि दुसऱ्या रात्री पाऊण तास चालतो. किती वेळ गायचं ते बैठक ठरवते.

सूफी पॉपमध्ये हे आधीच ठरलेलं असतं. चार-पाच मिनिटांचं गाणं, मुखडा, दोन अंतरे, मध्ये गिटार, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत क्लिकवर (हेडफोनमधल्या ठरावीक ठोक्यावर) बांधलेली एकच लय. त्यातले शब्दही अनेकदा कव्वालीचे नसतात. पंजाबी सूफी कवी बुल्लेशाहांची काफी (एक गेय पद्यप्रकार) एकटा गायक एकतारीवर गाऊ शकतो. २००४ साली पंजाबी गायक रब्बी शेरगिलने ती गिटारवर गायली. तिला कव्वाली म्हणणं चूक, पण सूफी गाणं म्हणणं अगदी बरोबर.

गायक कव्वाल असला तरी अल्बम कव्वालीचा असेलच असं नाही. १९९० चा ‘मस्त मस्त’ घ्या. पाकिस्तानी कव्वाल नुसरत फतेह अली खान आणि कॅनडाचे संगीतकार मायकेल ब्रूक यांनी तो केला. ब्रूक यांनी गाण्याचे तुकडे कापून नव्याने जुळवले, तेव्हा काही ठिकाणी ओळ मध्येच तुटून शब्दांचा अर्थच गेला. नुसरतना ते मान्य झालं नाही, आणि तडजोड करून तुकडे पुन्हा लावावे लागले. भाषा न जाणणाऱ्याच्या हाती एडिटिंग दिलं की आजही हेच होतं. कापायचं तर मिसरा (शेराची एक ओळ) पूर्ण झाल्यावरच कापा.

दोन्हींचा मेळ घालायचा असेल तर सगळ्यात जास्त घोळ लयीचा होतो. कोरसवाल्यांना मिनिटाला ८८ ठोक्यांच्या क्लिकवर बसवलं की टाळ्या मरगळतात, कारण त्यांचा हात चढायलाच शिकलेला असतो. दोन उपाय आहेत. एक, क्लिक टप्प्याटप्प्याने चढवा: मुखड्याला ८४, अंतऱ्याला ८८, शेवटच्या फेऱ्यांना ९६. दुसरा, आणि आमच्या मते चांगला: ढोलक, टाळ्या आणि कोरस क्लिकशिवाय एकत्र घ्या, आणि गिटार-कीबोर्ड त्यावर नंतर वाजवा. नंतरच्या ट्रॅकना ब्लूटूथ हेडफोन नको, आवाज उशिरा पोचतो आणि ठेका मागे पडतो.

एकाच माणसाची टाळी आठदा कॉपी केली तर तिचा पोकळ, पत्र्यासारखा आवाज येतो. सहा माणसं अर्धगोलात बसवा, माइक पाच-सहा फुटांवर ठेवा, जागा बदलून तीन टेक घ्या.

सुरांची गफलत बहुधा कीबोर्डवर होते. सा पांढरी एक (सी) आणि राग यमन असेल, तर मध्यम तीव्र, म्हणजे एफ शार्प. सवयीने एफ मेजर धरला की शुद्ध मध्यम त्यावर आदळतो आणि गायकच बेसूर वाटतो. तिथे डी मेजर धरा. ऑटोट्यूनचा (सूर आपोआप दुरुस्त करणाऱ्या सॉफ्टवेअरचा) वेगही कमी ठेवा, नाहीतर मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) पायऱ्या-पायऱ्यांची होते.

पेटी आधी ट्यूनरवर तपासा. ती ४४० हर्ट्झऐवजी ४४३ ला निघाली तर कीबोर्ड ४४३ ला आणा. पेटीचे सूर ऐनवेळी हलत नाहीत, कीबोर्डचे बटणाने हलतात. आणि आषाढ-श्रावणात रेकॉर्डिंग असेल तर दमट हवेने ढोलकाचं चामडं सैल पडतं, पेटीच्या पट्ट्या फुगून अडकतात. वाद्यं दोन तास आधी त्याच खोलीत आणून ठेवा, एसी जेवढा रेकॉर्डिंगला चालू राहणार तेवढाच ठेवा, आणि सूर मग लावा.