रेम्ब्रांटच्या एचिंगमधला तो माणूस उदास कधी झाला?

सतराव्या शतकातल्या रेम्ब्रांट या डच चित्रकाराचं एक एचिंग, म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने रेषा कोरून त्यावरून छापलेलं चित्र: खुर्चीत बसलेला, रुंद काठाची हॅट घातलेला, अंगरख्यात गुंडाळलेला माणूस. तांब्याच्या पत्र्यावर रेम्ब्रांटची सही आणि १६५१ हे साल आहे, बसलेल्याचं नाव मात्र नाही. क्लेमेंट द योंगे, ॲमस्टरडॅमचा छापील चित्रांचा व्यापारी, ही ओळख नंतरच्या सूचीकारांपासून चालत आली आणि पुढे तिच्यावर शंकाही घेतली गेली. दोघांचा संबंध मात्र खरा. द योंगेच्या पश्चात १६७९ मध्ये झालेल्या मालमत्तेच्या यादीत रेम्ब्रांटने कोरलेले तांब्याचे ७४ पत्रे आहेत.

हा माणूस उदास आहे असं म्हटलं जातं, पण त्यातला सगळा घोळ 'अवस्था' या शब्दाभोवती आहे. पत्र्यात बदल करून पुन्हा ठसे काढले, की त्या ठशांना पुढची अवस्था म्हणायचं. मराठीत हाच शब्द मनाच्या स्थितीलाही लागतो, त्यामुळे 'शेवटच्या अवस्थेत तो खिन्न आहे' असं सहज लिहिलं जातं आणि दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळतात. या चित्राच्या सुरुवातीच्या ठशांत चेहऱ्यावर उजेड आहे, माणूस तरुण आणि मोकळा वाटतो. नंतरच्या ठशांत त्याच्या पाठीमागे कमान आली, रेषांची जाळी दाट झाली, हॅटखालची सावली डोळ्यांवर उतरली. शिवाय पत्रा झिजतो. ड्रायपॉइंटच्या, म्हणजे सुईने पत्र्यावर थेट ओरखडलेल्या, रेषेकाठी उठलेली धातूची कड शाई धरून ठेवते, पण थोड्या ठशांतच ती दबते आणि मखमली काळेपणा जातो. म्हणजे उशिराच्या ठशातला भाव कलावंताच्या हाताचा किती आणि छापखान्यातल्या झिजेचा किती, हे आधी वेगळं करावं लागतं.

रेम्ब्रांटने हे बदल का केले, यावर जुना वाद आहे. १७१८ मध्ये एका चरित्रकाराने लिहून ठेवलं, की किरकोळ फरक करून तो तीच चित्रं पुन्हा विकायचा आणि संग्राहकांना प्रत्येक प्रकार हवा असायचा. विक्रीचा हेतू असेलही, पण इथे बदल थेट नजरेत झाला आहे. केवळ विक्रीसाठी कुणी डोळे इतके खोल नेत नाही, असं मला ठामपणे वाटतं.

एकोणिसाव्या शतकाने यात कर्जबाजारी, एकाकी चित्रकाराचं दुःख पाहिलं. पण दिवाळं निघालं १६५६ मध्ये, आणि पत्र्यावर साल आहे १६५१. आजही हे वाचन टिकून आहे, कारण बहुतेकांनी एकच ठसा पाहिलेला असतो आणि तो कितव्या अवस्थेतला हे त्यांनी विचारलेलं नसतं.