ग्राहकचाचणीतील अभिनती

नवे उत्पादन, किंवा त्याची नुसती कल्पना, बाजारात आणण्याआधी निवडक ग्राहकांपुढे ठेवून त्यांचा कौल घेतात. चाचणीच्या रचनेमुळेच हा कौल एका बाजूला झुकला, तर त्या झुकावाला अभिनती म्हणतात. नुसती माणसे वाढवून ती जात नाही.

कोका-कोलाच्या उदाहरणात हे ठळक दिसते. पेप्सीने १९७५ पासून अमेरिकेत नाव झाकून चव-चाचण्या घेतल्या आणि त्यांत पेप्सी सरस ठरत असल्याची जाहिरात केली. कोका-कोलाने मग अधिक गोड असे नवे पेय तयार करून सुमारे १ लाख ९० हजार लोकांना चाखवले. कौल नव्याच्या बाजूने लागला. २३ एप्रिल १९८५ रोजी ते जाहीर झाले, जुने बंद झाले आणि कंपनीवर संतप्त फोन व पत्रांचा भडिमार सुरू झाला. ११ जुलैला जुने पेय परत आणत असल्याचे कंपनीला जाहीर करावे लागले. घोटभर चाखताना गोड पेय उजवे वाटते. पूर्ण बाटली पिताना तोच गोडवा नकोसा होऊ शकतो. शिवाय पेल्यांत तुलना होती ती केवळ चवीची. जुने कायमचे गेलेले चालेल का, हा खरा प्रश्न त्या तुलनेत नव्हताच.

मांडणीचा क्रमही कौल फिरवतो. निस्बेट आणि विल्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात नायलॉनच्या मोज्यांचे चार जोड ओळीने ठेवले होते. चारही अगदी सारखेच. तरीही सर्वांत डावीकडचा १२ टक्के लोकांनी निवडला, सर्वांत उजवीकडचा ४० टक्के लोकांनी. कारण विचारल्यावर जागेचे नाव कोणीही काढले नाही. म्हणून ‘का आवडले?’ या प्रश्नाच्या उत्तरावर फार विसंबू नये. नमुन्यांचा क्रम दर व्यक्तीगणिक बदलणे आणि ‘अ’, ‘ब’ऐवजी तीन आकडी यादृच्छिक क्रमांक देणे, हे त्यावरचे रूढ उपाय.

कल्पनेच्या चाचणीत भिडेचा भाग मोठा असतो. आपुलकीने विचारणाऱ्याला तोंडावर ‘नाही’ म्हणणे अनेकांना जड जाते, आणि ‘नक्की घेईन’ म्हणायला खिशातून काही जात नाही. किंमत न सांगता घेतलेला होकार तर जवळजवळ निरुपयोगी. त्यापेक्षा आगाऊ नोंदणीचे पैसे घेऊन पाहावे. वस्तू काही आठवडे घरी वापरायला देणेही चांगले. मात्र मध्येच वापर सोडून देणाऱ्यांची उत्तरे हिशेबातून गळली, तर उरलेला कौल पुन्हा अनुकूलच दिसतो.